दगडाबाईचा पत्ता

१

सांगलीच्या छापखान्यात पुडकं उघडलं तेव्हा मालक नारायण तांबवेकर आणि त्यांचे दोन कामगार टेबलाशी उभे होते. मांजरपाटाच्या कापडाची शिवण नारायणरावांनी स्वतः कातरली. आतून 'झुंबर' मासिकाचे नऊ जुने अंक निघाले. शरयू मेढेकरांच्या आत्मचरित्राची तीनशे बारा हस्तलिखित पानं त्यात असायला हवी होती. त्यांची दुसरी प्रत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयूबाईंचे धाकटे भाऊ, साताऱ्याचे वकील मधु आठल्ये, मलकापुरात हंबीरराव शेवाळ्यांच्या दारात येऊन उभे राहिले. हंबीरराव निवृत्त फौजदार. तीस वर्षं नोकरी केली आणि शेवटच्या दोन वर्षांनी माणूस दमवून टाकला. आणीबाणीत वरून आलेल्या यादीप्रमाणे ज्यांना उचलायचं होतं, त्यांत हंबीररावांना शाळेत गणित शिकवलेले मास्तरही होते. मास्तर निमूटपणे गाडीत बसले होते. तेव्हापासून कुणालाही प्रश्न विचारायचं हंबीरराव टाळत.

"वकीलसाहेब, मी चौकश्या सोडल्या आता," ते म्हणाले.

मधु म्हणाले की पोलिसांत गेलो तर उद्या मुंबईच्या पेपरांत येईल. ताई तीन दिवसांपासून नीट जेवलेली नाही. चोरी कालची, पण तिचं त्याच्या आधीपासूनच काहीतरी बिनसलंय. हे शेवटचं वाक्य नसतं तर हंबीरराव कदाचित उठलेही नसते.

साताऱ्याला सदर बझारात मधूंचा बंगला होता. गच्चीवर टेलिव्हिजनची उंचच उंच एरियल. पुण्याचं प्रक्षेपण इथवर धड पोचत नसे, पडद्यावर निम्मा वेळ मुंग्याच दिसत. पण बहीण दिसावी म्हणून मधूंनी तो डबा आणला होता. ती बहीण व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसली होती. नवरा गेल्यावरही न सोडलेलं मोठं कुंकू, कपाळावरची पांढरी बट, हातमागाची साडी. अर्ध्या महाराष्ट्राला मुखपृष्ठांवरून पाठ असलेलं रूप, पण जवळून पाहिलं तर डोळ्यांखाली काळं.

सांगलीच्या शाळामास्तरांची ही मुलगी लग्न करून मुंबईला गेली. नवरा सॉलिसिटर. त्याच्या दिवाणखान्यात राजकारणी, गाणारे, गिरणीमालक यायचे, आणि त्या मेजवान्यांतूनच १९६२ साली 'झुंबर' निघालं. कोण कुणाकडे काय नेसून आलं होतं, हे वाचायला बायका ते मासिक घेत. पण संपूर्ण वाचायच्या त्या शेवटचं पान : 'दगडाबाईचं पत्र'. कुणी एक खेडवळ बाई आपल्या नवऱ्याबद्दल, जावांबद्दल, म्हशीबद्दल लिहायची, आणि वाचणारीला हसूही यायचं आणि आपलं घरही आठवायचं. मुंबईला टेलिव्हिजन आल्यावर शरयूबाईंचा 'दिवाणखाना' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात त्या नऊवारी नेसून ती पत्रं वाचायच्या. लोकांनी ठरवून टाकलं की दगडाबाई म्हणजे शरयू मेढेकरच. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही.

आता नवरा गेलेला होता, मासिकाचा खप घसरला होता. पुस्तक छापून झालं की 'झुंबर' बंद करायचं असं त्यांनी ठरवलं होतं.

"पुस्तकात कुणाला अडचणीचं होईल असं काय आहे?" हंबीररावांनी विचारलं.

शरयूबाई म्हणाल्या, "अडचणीचं असेल तर ते मलाच आहे, फौजदार. पण मी ते नेलेलं नाही."

२

पुडकं सोमवारी सकाळी शरयूबाईंच्या देखत बांधलं गेलं होतं. बांधणारी गोदावरी, बारा वर्षं त्यांच्याकडे लेखनिक म्हणून असलेली, चाळिशीकडे झुकलेली अविवाहित बाई. तिनंच कापड शिवलं, तिनंच पत्ता घातला. दहा वाजता शरयूबाईंचा ड्रायव्हर कृष्णात ते घेऊन त्यांच्या अँबॅसडरनं एकटाच निघाला. चार वाजता छापखान्यात पोचला. वाटेत पेठ नाक्याजवळ टायर पंक्चर झालं, चाक बदलण्यात वेळ गेला, असं त्यानं सांगितलं होतं.

हंबीररावांनी मधूंना पहिल्यांदा विचारलं. मधूंनी काही लपवलं नाही. हे पुस्तक निघू नये असंच त्यांना वाटत होतं. ताईनं जन्मभर दुनियेच्या घरात डोकावून पाहिलं, आता आपल्या घराचं दार कशाला उघडायचं. पण पानं नाहीशी करायची असती तर ती तीन महिने याच घरात होती, सांगलीची वाट बघण्याचं कारण काय? कपाटातले बांधीव अंकही त्यांनी दाखवले. एकही वर्ष कमी नव्हतं.

मग हंबीरराव त्याच गाडीनं, कृष्णातला घेऊन, सांगलीला निघाले. उसाचा हंगाम होता. कराडपुढे रस्ताभर बैलगाड्या, आणि तरीही ते सव्वातीन तासांत पोचले. कृष्णात पंचेचाळिशीतला, पलटणीतून सुटून आलेला, पाठ ताठ. वाटेत हंबीररावांनी त्याला फक्त त्याची पलटण विचारली. तेवढ्याचं उत्तर त्यानं खुशीनं दिलं.

छापखान्यात शाईचा आणि रॉकेलचा वास होता. नारायणराव सोळा वर्षं 'झुंबर' छापत आले होते. मासिक बंद झालं तर छापखान्यात लग्नपत्रिकांखेरीज काही उरणार नव्हतं. त्यामुळे संशय घ्यायचा तर तो त्यांच्यावरही घेता आला असता, आणि हे त्यांनी स्वतःच बोलून दाखवलं. त्यांनी मागची खोली उघडली. परत आलेल्या अंकांचे गठ्ठे तिथं छताला टेकले होते. हंबीररावांनी दोन-चार अंक काढून पाहिले. कोरे, सपाट, कुणाचा हात न लागलेले.

पुडक्यातले नऊ अंक तसे नव्हते. प्रत्येकाच्या मधोमध उभी घडी पडली होती. दुकानातून घेतलेल्या अंकाला अशी घडी पडत नाही. टपालानं, कागदी पट्टी लावून पाठवलेल्या अंकाला पडते. शिवाय प्रत्येक अंकाचं शेवटचं पान तेवढं मऊ पडलं होतं. कोपऱ्यावर हळदीचे, तेलाचे डाग. बाकीची पानं जवळपास नवी.

म्हणजे हे अंक कुणा टपालाच्या वाचकाचे होते. त्या घरात मेजवान्यांची चित्रं कुणी पाहत नव्हतं. मासिक आलं की स्वयंपाकाचा हात पुसता पुसता दगडाबाईचं पत्र तेवढं उघडलं जात होतं.

हंबीररावांनी कापडाचा तुकडा घडी करून खिशात ठेवला. बाहेर येऊन कृष्णातला गाडीची डिकी उघडायला सांगितली. जादा चाक जागेवर होतं. त्याच्या आणि पत्र्याच्या मधे कोळ्यानं जाळं विणलं होतं, आणि ते एका दिवसाचं नक्की नव्हतं.

"गड्या," हंबीरराव म्हणाले, "हे चाक तर कवा हललेलंच न्हाई."

कृष्णातनं जाळ्याकडे पाहिलं, मग सरळ समोर.

"आर्डर हुती," तो म्हणाला. कुणाची, ते सांगायला तो तयार नव्हता.

३

परतीच्या वाटेत हंबीरराव डोळे मिटून बसले होते. झोप नव्हती. ज्या गाडीत बसलोय तिच्या चालकाला खोटं पाडायचं आणि वर त्याच्याच जिवावर घरी पोचायचं, असली कामं आता नकोशी वाटत होती.

साताऱ्यात त्यांनी गोदावरीला व्हरांड्यात बोलावलं. शरयूबाई आणि मधु तिथंच होते. हंबीररावांनी कापड तिच्या हातात दिलं आणि ही शिवण तुमचीच ना, एवढंच विचारलं. तिनं नीट पाहिलंसुद्धा नाही.

"हो. माझीच आहे."

हंबीररावांनी खुर्ची पुढं ओढली. शरयूबाईंच्या खोलीतल्या उशीच्या अभ्र्याची शिवण त्यांनी सकाळी जाता जाता पाहिली होती. बारीक, तिरकी, एकेरी दोऱ्याची. गोदावरीचाच हात. या कापडाला मात्र आधी सुईची तसलीच बारीक भोकं पडलेली होती, आणि त्यांच्यावरून पुन्हा जाड, दुहेरी दोऱ्यानं शिवलं होतं. लांब धावता टाका, एकाला एक सारखा. गोधडी शिवणाऱ्या हाताचा टाका. म्हणजे पुडकं वाटेत उसवून पुन्हा शिवलं गेलं. शिवणारी कुणीतरी खेड्यातली बाई, जिच्याकडे 'झुंबर' टपालानं जातं.

"कृष्णातला हुकूम झाला होता, तो कुणाचा ते तो सांगत नाही," ते म्हणाले. "पण या घरात त्याला हुकूम देणाऱ्या दोघीच. बाईंनी दिला असता तर त्यांनी मला या घरात येऊ दिलं नसतं. आणि तुम्ही आत्ता दुसऱ्या कुणाची तरी शिवण अंगावर घेतलीत, गोदावरीताई. माणूस असं आपल्यासाठी करत नाही, ज्याच्याबद्दल वाईट वाटतं त्याच्यासाठी करतो. कोण आहे ती?"

उत्तर दिलं ते शरयूबाईंनी. त्यांचा आवाज टेलिव्हिजनवरचा नव्हता.

"शालू," त्या म्हणाल्या. "कडेगावची. दगडाबाई."

मग त्यांनी सांगितलं. सांगलीच्या मुलींच्या शाळेत शालू त्यांच्या बाकावर बसायची. मामाकडे राहून शिकत होती. सातवीनंतर लग्न झालं, नवरा पलटणीत. 'झुंबर' निघालं तेव्हा तिचं अभिनंदनाचं पत्र आलं. ते शरयूबाईंनी गंमत म्हणून छापलं, नाव बदलून. लोकांनी ते डोक्यावर घेतलं. शालू दर महिन्याला लिहीत गेली. दुसऱ्या वर्षी तिनं एकदाच विचारलं होतं, खाली माझं नाव येईल का गं. वाचकांना गूढ आवडतं, असं उत्तर शरयूबाईंनी पाठवलं. तिनं पुन्हा विचारलं नाही. आत्मचरित्रात त्यांनी हे सगळं लिहिलं होतं, नावगावासकट. "मला मोकळं व्हायचं होतं," त्या म्हणाल्या.

आता गोदावरी बोलली. बारा वर्षं शालूबाईंची पत्रं तीच फोडत आली होती. पुस्तकातलं ते प्रकरण उतरवून घेताना तिला राहवेना. छापायच्या आधी एकदा ज्यांचं आहे त्यांनी वाचावं, एवढंच तिच्या मनात होतं. कृष्णातला तिनं विट्याच्या रस्त्यानं, कडेगाववरून जायला सांगितलं. तासाभरात वाचून पुडकं परत मिळणार होतं. मिळालंही. आतली पानं बदललीत हे कृष्णातलाही ठाऊक नव्हतं, तिलाही नाही.

"बाई, तुम्ही तिला विचारलं होतं का, नाव घालू म्हणून?" हंबीररावांनी शरयूबाईंना विचारलं.

"नाही," शरयूबाई म्हणाल्या.

४

कडेगावला ते दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. गावाबाहेर उसाच्या रानात घर होतं. ओसरीवर बाजेवर एक साठीचा दणकट म्हातारा बसला होता. डोळे उघडे, पण नजर नाही; साखरेच्या आजारानं गेलेली. खाली सतरंजीवर बसून शालूबाई त्याला 'झुंबर'चं शेवटचं पान वाचून दाखवत होत्या. युद्धावर जाऊन आलेला नवरा घरात पाल दिसली की बाजेवर कसा चढतो, त्याची गोष्ट होती. म्हातारा पोट धरून हसत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं त्याच्या.

"लय बेरकी बाई," तो म्हणाला. "बिचारा नवरा."

शालूबाईंनी वर पाहिलं. शरयूबाईंना पाहून त्यांचा चेहरा बदलला नाही. नवऱ्याला, सुभेदार लालासाहेब यादवांना, त्यांनी एवढंच सांगितलं की शाळेतली मैत्रीण आलीय, आणि पाहुणीला आत नेलं. हंबीरराव मागच्या दारात थांबले.

हस्तलिखित धान्याच्या कणगीवर, स्वच्छ फडक्यात बांधून ठेवलेलं होतं. शालूबाईंनी ते खाली काढून शरयूबाईंच्या पुढ्यात ठेवलं.

"मोजून घे. एक पान फाडलं न्हाई. तासात वाचून द्यायचं हुतं. वाचलं, आन् हातातनं सुटंना. मग घरातलं हाताला लागलं ते भरून शिवलं. तुला कळंल, तू येशील, म्हायती हुतं मला."

शरयूबाई म्हणाल्या की मी चुकले होते, ते दुरुस्त करायला निघाले होते. सगळ्यांना कळायला हवं की लिहिणारी तू आहेस.

"मी मागितलं तवा तू दिलं न्हाईस, शरे. आता मला नगं हाय, तर न इचारता देतीस. दोनी टायमाला तुलाच बरं वाटायचं."

बाहेर लालासाहेब कुणालातरी हाक मारून पाणी मागत होते. शालूबाई तिकडे कान देऊन क्षणभर थांबल्या, मग हळू आवाजात बोलू लागल्या. या माणसाची नजर गेली, शेत पोरांकडे गेलं, पलटणीतले सोबती एकेक करून गेले. महिन्यातून एकदा हे मासिक येतं आणि तो हसतो. ज्याला हसतो तो आपणच, हे त्याला ठाऊक नाही. सोळा वर्षं साऱ्या मुलखासमोर बायकोनं आपलं हसं केलं, हे पुस्तकात छापून आलेलं त्याला कुणी वाचून दाखवलं, तर?

"माजं नाव नगं," त्या म्हणाल्या. "पर ती बाई तूच हाईस, असं बी आता म्हनू नगंस. कोन तरी हाय, येवढं सांग. तितकं मला पुरं."

हंबीरराव तिथून हळूच निघून ओसरीवर आले. लालासाहेबांनी पावलांवरून ओळखलं. बसा म्हणाले. पोलीस का, असंही विचारलं. बूट पोलिसाचे वाजतात म्हणाले. मग काठी घेऊन उठले आणि हंबीररावांना बांधापर्यंत चला म्हणून घेऊन गेले. घर मागं पडलं तेव्हा थांबले.

"फौजदार, काय भानगड हाय ती मला इचारायची न्हाई. दगडाबाईचंच काय तरी असनार. त्याबिगर मुंबैची मोटार हितं येत न्हाई."

"पासष्टच्या लढाईतनं मी सुट्टीवर आलो," लालासाहेब म्हणाले. "माजा जोडीदार माज्या शेजारी गेला हुता. घरात कुनाला बोललो न्हाई. गोठ्यात जाऊन म्हशीच्या गळ्यात पडून रडलो. मला वाटलं, मी एकलाच हाय. दोन म्हैन्यांनी दगडाबाईच्या पत्रात ती म्हस आली, तो गोठा आला. बाई दाराभायेर हुबी हुती, आन् त्याला रडू दे म्हनून आत गेली न्हाई, असं लिवलं हुतं. त्या पत्रात इनोद न्हवता. तवापासनं ठावं हाय मला."

"मग त्यांना बोलला का नाही, सुभेदार?"

"बोललो तर ती हात आखडून लिवंल. आवं, तोंडानं तिनं मला कवा धा शब्द सांगितलं न्हाईत. जे सांगायचं ते तिथं सांगती. ते मासिक बंद व्हनार म्हनत्यात. तेवढं हू देऊ नका. माजं नाव काढू नका, पर हू देऊ नका."

५

परतताना कराड मागं पडलं, गाडी साताऱ्याकडे लागली. शरयूबाईंच्या मांडीवर हस्तलिखित होतं. शालूबद्दलचं प्रकरण काढून टाकणार, आणि दगडाबाई मी नाही, एवढं जाहीर सांगणार, असं त्यांनी स्वतःशीच बोलल्यासारखं सांगितलं. मग लोक काय म्हणतील हेही त्यांना दिसत होतं.

"बाई, एक मागतो," हंबीरराव म्हणाले. "मासिक बंद करू नका."

"का?"

"कारण मला सांगता यायचं नाही."

शरयूबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची गुपितं गोळा करून त्यांनी मासिक चालवलं होतं. त्या दिवशी त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

मार्चमध्ये 'दिवाणखाना'त त्यांनी ते सांगितलं. साताऱ्याच्या पडद्यावर मुंग्यांच्या आडून त्यांचा चेहरा दिसत होता आणि आवाज तेवढा स्वच्छ होता : दगडाबाई वेगळी आहे, तिचं नाव सांगायचा हक्क मला नाही, आणि इतकी वर्षं मी तुम्हाला फसवलं. शिव्यांची पत्रं पोत्यानं आली. पावसाळ्याच्या आत कार्यक्रम दुसऱ्या कुणाकडे गेला. शरयूबाईंनी मुंबईचं घर आवरलं आणि साताऱ्याच्या व्हरांड्यातून, गोदावरीला जोडीला घेऊन, 'झुंबर' काढत राहिल्या. मेजवान्या गेल्या, गुळगुळीत कागद गेला, सोळा पानं उरली. शेवटचं पान तेवढं होतं तसंच राहिलं.

एकोणऐंशीच्या नोव्हेंबरात हंबीररावांकडे टपालानं अंक आला. दगडाबाईच्या पत्रात या वेळी पाचच ओळी होत्या. आमचे धनी गेले, झोपेतच गेले, आता लिहून कुणाला वाचून दाखवू, असं काहीसं. खाली पहिल्यांदाच नाव होतं : शालूबाई लालासाहेब यादव, कडेगाव.

हंबीरराव दोन दिवस अस्वस्थ होते. मेलेल्याला दिलेला शब्द कधी सुटतो, हे त्यांना नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते कडेगावला गेले. शालूबाई ओसरीवर एकट्या गहू निवडत होत्या. त्यांनी बांधावरचं सगळं बोलणं जसं झालं तसं सांगितलं, गोठ्यासकट.

शालूबाईंचे हात सुपात थांबले. त्या म्हणाल्या,

"म्हंजी ते हसायचं... ते मला बरं वाटावं म्हनून?"

"नाही," हंबीरराव म्हणाले. "खोटं हसणारी माणसं मी तीस वर्षं समोर बसवलीत, वहिनी. मी त्यांना हसताना पाहिलंय. ते खरं होतं."

शालूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. हंबीरराव गेले नाहीत. त्यांना परतीची एसटी तासाभरानं होती आणि या वेळी त्यांना काहीच विचारायचं नव्हतं. ते पायरीवर बसून राहिले.